पशुवैद्यकीय तज्ज्ञ कसे होतात? विद्यार्थी, पालक आणि पशुपालकांचे नेहमीचे प्रश्न

गावातल्या दवाखान्याचे डॉक्टर तज्ज्ञ नसतात का? मग पशुवैद्यकीय तज्ज्ञ म्हणायचे कोणाला?

गावातले डॉक्टर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी घेतलेले नोंदणीकृत पशुवैद्यक असतात. सकाळी गाईची अडकलेली वार (व्याल्यानंतर पडणारे गर्भाचे आवरण) काढायची, दुपारी शेळ्यांना लस द्यायची, संध्याकाळी कोणाच्या कुत्र्याची जखम शिवायची, हे सगळे त्यांना करावे लागते. या कामाला कमी लेखू नका. चांगला सर्वसाधारण पशुवैद्यक घडणे फार अवघड आहे, आणि तो चांगला नसेल तर तज्ज्ञाकडे जनावर वेळेवर पोचतच नाही.

पदवीनंतर एखाद्या एका शाखेचे शिक्षण घेऊन पुढे त्याच शाखेत काम करत राहतो तो तज्ज्ञ. आपल्याकडे त्याची सर्वमान्य खूण म्हणजे एम.व्ही.एस्सी. ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि तिच्यापुढची पीएच.डी. कागदावर एवढे पुरते. प्रत्यक्षात तज्ज्ञता येते ती हाताखालून गेलेल्या जनावरांमुळे, म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत मी केसेसचा विषय पुन्हा पुन्हा काढणार आहे.

बारावीनंतर तज्ज्ञ होईपर्यंत एकूण किती वर्षे लागतात?

पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांनुसार त्यात साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप) आहे. पुढे एम.व्ही.एस्सी.ची दोन वर्षे. पीएच.डी. करायची असेल तर आणखी किमान तीन. अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला मुलगा किंवा मुलगी एम.व्ही.एस्सी. होईपर्यंत पंचविशी ओलांडते आणि पीएच.डी.पर्यंत तिशीला टेकते. प्रवेशाच्या वेळी पालकांनी हा हिशेब मांडून ठेवावा. "डॉक्टर झाला ना, आता कमावायला लाग" हे वाक्य चोविसाव्या वर्षी घरात सुरू झाले की चांगली चांगली मुले पदव्युत्तरचा विचार सोडून देतात.

प्रवेश कसा मिळतो? महाराष्ट्रात महाविद्यालये कोणती?

बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण व्हावे लागते आणि 'नीट' द्यावी लागते. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भारतीय पशुवैद्यक परिषद भरते. राज्याच्या कोट्यातल्या जागांचे प्रवेश नागपूरचे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे माफसू, करते.

माफसूची जुनी महाविद्यालये परळ (मुंबई), नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे आहेत. अकोल्याची संस्था पदव्युत्तर शिक्षणासाठी ओळखली जाते. परळचे महाविद्यालय १८८६ चे. बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचे रुग्णालय त्याच आवारात आहे.

पशुधन पर्यवेक्षकाची पदविका केली तर पुढे तज्ज्ञ होता येते का?

थेट नाही. एम.व्ही.एस्सी.साठी मान्यताप्राप्त पशुवैद्यकीय पदवी लागते. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय फक्त नोंदणीकृत पदवीधराला करता येतो. पदविकाधारकांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार किरकोळ सेवा देता येतात. पर्यवेक्षकांचे काम मोलाचे आहे, मात्र तज्ज्ञ होणे हे ध्येय असेल तर सुरुवातीलाच पदवीची वाट धरा.

एम.व्ही.एस्सी.ला कोणते विषय असतात?

सोयीसाठी तीन गट करता येतात. पहिला दवाखान्याचा: मेडिसिन, सर्जरी व क्ष-किरणशास्त्र, आणि पशुप्रजनन व स्त्रीरोगशास्त्र, ज्याला मुले 'गायनॅक' म्हणतात. दुसरा प्रयोगशाळेचा आणि पायाभूत शास्त्रांचा: पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, परोपजीवीशास्त्र, औषध व विषशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, जैवतंत्रज्ञान. तिसरा उत्पादनाचा: पशुआहार, अनुवंशशास्त्र व पैदास, पशुधन व्यवस्थापन, कुक्कुटपालन, मांस-दूध प्रक्रिया. प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक विषयाच्या जागा असतातच असे नाही.

विषय निवडायचा कसा? गुणवत्ता यादीत वर नाव आले तर सर्जरीच घ्यावी का?

दरवर्षी हेच घडते. यादीतली वरची मुले सर्जरी, मेडिसिन, गायनॅक उचलतात, उरलेल्या विषयांना उरलेली मुले मिळतात आणि त्यांना दोन वर्षे आपण हरलो असे वाटत राहते. ही रीत चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विषय घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: पुढची तीस वर्षे सकाळी उठून मला काय करायला आवडेल? सर्जरी म्हणजे तासन् तास उभे राहणे, भूल दिलेल्या जनावराच्या श्वासाकडे एक डोळा, आणि ऑपरेशन उत्तम होऊनही टाके उसवलेले जनावर चौथ्या दिवशी परत आले तर खचून न जाणे. मेडिसिन म्हणजे संयम. रोगी बोलत नाही, मालक अर्धेच सांगतो, आणि गोचीड ताप, पोटात गेलेली तार, दुग्धज्वर हे तिन्ही तुमच्यासमोर 'गाय खात नाही' एवढ्याच तक्रारीने येतात. मायक्रोबायॉलॉजी म्हणजे एकाच नमुन्यावर आठवडाभर चिकाटीने बसणे.

दुसरा प्रश्न महाविद्यालयाविषयी: तिथल्या दवाखान्यात त्या विषयाच्या केसेस येतात का? परळला कुत्री, मांजरे, जखमी पक्षी आणि घोडे पाहायला मिळतात. परभणी-उदगीरकडे बैल, म्हशी, देवणी गाई. शिरवळच्या आसपास संकरित गाईंचे गोठे आणि मेंढपाळांचे कळप. म्हशीचे सिझेरियन शिकायचे असेल तर म्हशी जिथे येतात तिथेच जावे लागते. शहर आवडते म्हणून परळ, किंवा घर जवळ म्हणून अमुक महाविद्यालय, एवढ्यावर निर्णय घेऊ नका. प्रवेशाआधी दोन दिवस त्या विभागात जाऊन बसा, बाह्यरुग्ण विभागाची वही पाहायला मागा, तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विचारा की गेल्या महिन्यात तुम्ही स्वतःच्या हाताने किती ऑपरेशने केली आणि किती नुसती पाहिली. जी मुले खरे सांगतील त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवा.

गायनॅकमध्ये नेमके काय काम असते? नुसते कृत्रिम रेतनच ना?

हा गैरसमज इतका पसरला आहे की जरा सविस्तर लिहितो.

रेतन हा त्यातला छोटा भाग. म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडणे घ्या. दिवस भरलेली म्हैस कळा देते, थांबते, अस्वस्थ होते, पण पाण्याची पिशवी दिसत नाही. मालकाला वाटते अजून वेळ आहे. हात घालून तपासले की आतला मार्ग मळसूत्रासारखा वळलेला लागतो. म्हशींमध्ये हा पीळ बहुतेक वेळा उजवीकडे असतो. ज्या बाजूला पीळ आहे त्याच कुशीवर जनावर पाडायचे, पोटावर फळी ठेवून एकाने तिच्यावर भार द्यायचा आणि बाकीच्यांनी पाय धरून जनावर त्याच दिशेने फिरवायचे. फळीच्या भाराने गर्भ जागेवर राहतो, शरीर त्याच्याभोवती फिरते आणि पीळ सुटतो. दिशा चुकली तर पीळ आणखी घट्ट होतो. किती वेळा फिरवायचे, कधी थांबायचे आणि कधी सरळ सिझेरियनला जायचे, हा निर्णय पुस्तकातून येत नाही. उशीर झालेल्या केसमध्ये गर्भाशयाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, ते आतल्या आत चिकटलेले असते. तिथे फिरवत बसलो तर म्हैस हातची जाते.

दुसरे मोठे काम उलटणाऱ्या जनावरांचे. चार-चार वेळा रेतन करूनही गाभण न राहणारी गाय शेतकऱ्याला आतून पोखरते, कारण ती खाते पूर्ण आणि दूध देत नाही. सोनोग्राफीने अंडाशय पाहणे, गर्भाशयाचा छुपा दाह ओळखणे, माजाची वेळ आणि रेतनाची वेळ यांचा मेळ तपासणे, वळूच्या वीर्याची प्रत पाहणे, हे तज्ज्ञाचे काम. पुष्कळदा दोष हार्मोनमध्ये नसतोच. तो खाद्यात असतो किंवा माज ओळखण्याच्या वेळेत असतो. तेव्हा महागडी इंजेक्शने न देता शेतकऱ्याशी पाऊण तास बोलणारा माणूस मी खरा तज्ज्ञ मानतो.

शिवाय भ्रूण प्रत्यारोपण आणि प्रयोगशाळेत फलन ही शाखा देशी गोवंशासाठी वाढते आहे. उरुळी कांचनला १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी सुरू केलेली 'बाएफ' संस्था पैदासीच्या क्षेत्रात देशभर काम करते आणि अशा संस्थांना या विषयाची माणसे लागतात.

पॅथॉलॉजी, मायक्रो घेतले तर दवाखाना टाकता येत नाही. मग फायदा काय?

आधी कायद्याचे: तुमची मूळ पदवी आणि नोंदणी कायम असते, त्यामुळे कोणत्याही विषयात एम.व्ही.एस्सी. केली तरी दवाखाना टाकता येतो.

आता फायद्याचे. नव्वदच्या दशकात भारतीय उपखंडातली गिधाडे झपाट्याने संपत होती आणि कारण कोणालाच कळत नव्हते. विषाणू असेल, कीटकनाशक असेल, असे अंदाज चालले होते. लिंडसे ओक्स हे पशुवैद्यकीय क्षेत्रातले अमेरिकी संशोधक आणि त्यांचे सहकारी पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची शवविच्छेदने करत राहिले. आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर, म्हणजे मूत्रपिंडे निकामी. त्या धाग्यावरून ते डायक्लोफिनॅकपर्यंत पोचले: गुरांना दिलेले वेदनाशामक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होते. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. एका शास्त्रशुद्ध शवविच्छेदनाने हे साधले.

आपल्याकडे पुण्याच्या औंधमधला रोग अन्वेषण विभाग, तिथलीच पशुवैद्यकीय जैविक पदार्थ निर्मिती संस्था, लस बनवणाऱ्या खासगी कंपन्या, कुक्कुट उद्योगाच्या प्रयोगशाळा आणि मोठ्या शहरांतल्या निदान प्रयोगशाळा ही या तज्ज्ञांची ठिकाणे. २०२२ मध्ये गुरांच्या लंपी त्वचारोगाची साथ आली तेव्हा नमुने तपासणारी, लस बनवणारी, साथीचा नकाशा मांडणारी माणसे याच विषयांतली होती. आणि जी बुळकांडी (रिंडरपेस्ट) गावेच्या गावे गुरांवाचून ओस पाडायची, ती २०११ मध्ये जगातून संपली असे जाहीर झाले. त्या लढाईत आजच्या उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या संस्थेत तयार झालेल्या लसीचा मोठा वाटा होता. तीच संस्था आज बरेलीजवळ इज्जतनगरला भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून आहे, आणि तिचा जन्म १८८९ मध्ये पुण्यात झाला होता. पुण्यातल्या मुलांनाही हे सहसा कोणी सांगत नाही.

अनुवंशशास्त्र किंवा पशुआहार या विषयांना भवितव्य आहे का?

आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. मेंढपाळाच्या उत्पन्नावर एवढा सरळ परिणाम करणारे काम शोधूनही थोडेच सापडेल. पशुआहाराचे तज्ज्ञ पशुखाद्य कारखाने, दूध संघ आणि कुक्कुट उद्योगात कामाला लागतात, आणि नोकरी लवकर मिळते.

आंतरवासितेच्या वर्षात काय करावे?

ते वर्ष पुढच्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासात संपवू नका. रात्रपाळी मागून घ्या. अडलेली गाय रात्री दोनला येते आणि त्या वेळी विभागात माणसे कमी असल्यामुळे शिकाऊ डॉक्टरच्या हातात दोर येतो. प्रत्येक केसची वहीत नोंद ठेवा: तक्रार, तपासणी, तुमचे निदान, वरिष्ठांचे निदान, दिलेले औषध, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पुढे जनावराचे काय झाले. मालकाचा फोन नंबर घेऊन आठवड्याने चौकशी करा. जे जनावर परत आले नाही ते बरे झाले असे आपण धरून चालतो, आणि नेमके तिथेच शिकणे थांबते.

परदेशात रेसिडेन्सी असते तसे भारतात काही आहे का?

अमेरिकेत पदवीनंतर साधारण एक वर्ष इंटर्नशिप आणि मग बहुतेक शाखांत तीन वर्षांची रेसिडेन्सी असते. ती त्या शाखेच्या मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या थेट देखरेखीखाली होते, केसेसची नोंदवही ठेवावी लागते, शोधनिबंध लागतो आणि शेवटी त्या शाखेच्या 'कॉलेज'ची, म्हणजे तज्ज्ञांना मान्यता देणाऱ्या संस्थेची, परीक्षा. सर्जरीचे, अंतर्गत वैद्यकाचे, नेत्ररोगाचे अशी वेगवेगळी कॉलेजे आहेत. परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला 'डिप्लोमेट' म्हणतात. युरोपातही अशीच रचना आहे.

आपली एम.व्ही.एस्सी. मुळात विद्यापीठीय पदवी आहे. तिच्यात अभ्यासक्रम, श्रेयांक आणि प्रबंध आहेत. दवाखान्याच्या विषयांत विद्यार्थी रुग्ण पाहतात, पण किती पाहतात हे विभाग, मार्गदर्शक आणि विद्यार्थ्याची स्वतःची हौस यांवर अवलंबून राहते. किमान अमुक इतकी ऑपरेशने स्वतः केली पाहिजेत, अशी परदेशातल्या या कॉलेजांसारखी देशभर बंधनकारक अट नाही. ही आपल्या व्यवस्थेतली मोठी त्रुटी आहे असे मला मनापासून वाटते. सर्जरीच्या विद्यार्थ्याच्या दोन वर्षांतला मोठा हिस्सा प्रबंधाच्या आकडेमोडीत जातो आणि हाड बसवण्याचा सराव मागे पडतो. प्रबंध हवाच, कारण पुरावा वाचायला तोच शिकवतो. तरी दवाखान्याच्या विषयांत केसेसची नोंदवही परीक्षेइतकीच महत्त्वाची झाली पाहिजे.

तोवर ही त्रुटी ज्याची त्याने भरून काढायची. एम.व्ही.एस्सी. झाल्यावर एक-दोन वर्षे एखाद्या गर्दीच्या रुग्णालयात, अनुभवी माणसाच्या हाताखाली, कमी पगारावर का होईना, काढा.

परदेशात तज्ज्ञ व्हायचे असेल तर भारतीय पदवी चालते का?

थेट व्यवसाय करता येत नाही, आधी पात्रता सिद्ध करावी लागते. अमेरिकेसाठी परदेशी पदवी तपासणाऱ्या ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह या दोनपैकी एक मार्ग. त्यात लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष कौशल्याची कसोटी असते. शिवाय नॅव्हले ही परवाना परीक्षा, आणि मग राज्याचा परवाना. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सची सदस्यत्व परीक्षा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसाठी तिथली स्वतंत्र परीक्षा. हे सगळे झाले की तुम्ही तिथले साधे पशुवैद्यक होता. तज्ज्ञतेची वाट त्यानंतर सुरू होते.

एक आडवाट आहे. विद्यापीठांतल्या काही रेसिडेन्सी, विशेषतः पॅथॉलॉजी आणि प्रयोगशाळेतील प्राण्यांचे वैद्यक या शाखांतल्या, परदेशी पदवीधरांना तुलनेने खुल्या असतात. या मार्गात खर्च मोठा आहे, वर्षेही बरीच जातात. कर्ज काढून निघण्याआधी त्या देशात स्थायिक झालेल्या दोन-तीन मराठी पशुवैद्यकांशी बोला. ते मोकळेपणाने सांगतात.

सरकारी नोकरीत तज्ज्ञतेचा उपयोग होतो का?

महाराष्ट्रात पशुधन विकास अधिकारी हे गट-अ चे पद आहे, भरती एमपीएससीमार्फत होते आणि सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. २०२५ मध्ये एमपीएससीने या पदाच्या २,७९५ जागांची जाहिरात काढली, त्यामुळे अनेक वर्षे थांबलेल्या मुलांना मोठी संधी आली.

मात्र या पदासाठी पदवी पुरते. सर्जरीत एम.व्ही.एस्सी. झालेला अधिकारी आणि पशुआहारात झालेला अधिकारी शेजारशेजारच्या तालुक्यांत एकच काम करताना दिसतात: लसीकरण, रेतन, योजनांचे अर्ज, बैठका, अहवाल. ज्याने दोन वर्षे मोठ्या जनावरांच्या शस्त्रक्रिया शिकल्या, त्याच्या दवाखान्यात जनावर बांधायचा खोडासुद्धा मोडका असतो. जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयांत विषयानुसार माणसे नेमली, त्यांना क्ष-किरण आणि सोनोग्राफी यंत्रे दिली, तर शेतकऱ्याला जनावर टेम्पोत घालून दीडशे किलोमीटर न्यावे लागणार नाही. काही अधिकारी स्वतःच्या धडपडीने हे करतातही. आसपासच्या तालुक्यांतून त्यांच्याकडे म्हशी येतात आणि शेतकरी त्यांची बदली होऊ नये म्हणून निवेदने देतात. अशा ठिकाणी नेमणूक मागून घ्या.

शहरात खासगी तज्ज्ञ म्हणून जम बसतो का?

बसतो, पण लगेच नाही. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर इथे कुत्र्या-मांजरांच्या उपचारांत त्वचारोग, हाडांची शस्त्रक्रिया, डोळे, हृदयाची सोनोग्राफी अशा उपशाखा उभ्या राहत आहेत. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. तिथल्यासारख्या मोठ्या संस्थांमुळे एकाच छताखाली वेगवेगळे तज्ज्ञ असण्याची सवय लागते आहे.

सुरुवातीला बहुतेक जण पाहुणे सर्जन म्हणून काम करतात: आपली हत्यारे घेऊन चार-पाच दवाखान्यांत जायचे, ज्यांनी केस पाठवली त्यांच्याच टेबलावर ऑपरेशन करायचे. यात एक पथ्य कटाक्षाने पाळा. ज्या डॉक्टरांनी रुग्ण पाठवला, त्यांच्याकडे तो पुढच्या उपचारांसाठी परत पाठवा, आणि काय केले त्याची चिठ्ठी सविस्तर द्या. मालकासमोर पहिल्या डॉक्टरांच्या उपचारावर बोलू नका. तज्ज्ञाचा व्यवसाय बाकीच्या पशुवैद्यकांच्या विश्वासावर चालतो.

वाघ-बिबट्यांचा डॉक्टर व्हायचे आहे. काय करू?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि जागा सर्वांत कमी आहेत. नागपूरला गोरेवाड्यात माफसूचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, कात्रजचे प्राणिसंग्रहालय, भायखळ्याची राणीची बाग, जुन्नरजवळचे माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र ही कामाची ठिकाणे. बेशुद्धीचे इंजेक्शन मारण्याची चित्रे सगळ्यांना आठवतात. रोजचे काम असते ते पिंजऱ्याची स्वच्छता, खाद्याची तपासणी, विष्ठेचे नमुने, शवविच्छेदन, पंचनामा आणि वनखात्याशी पत्रव्यवहार. हे आवडत असेल तर जरूर या. आधी मेडिसिन, सर्जरी किंवा पॅथॉलॉजीचा पाया पक्का करा, कारण उसाच्या फडातल्या बिबट्याला भूल देताना दुसरी संधी नसते.

सैन्यात पशुवैद्यक लागतात का?

हो. रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये पदवीधरांना अल्पसेवा कमिशन मिळते. घोडे, खेचरे आणि लष्करी श्वान हे तिथले रुग्ण. कोअरचे केंद्र मेरठला आहे. घोड्यांत रस असलेल्यांना मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सचे आणि घोडेपैदास केंद्रांचे काम हाही एक मार्ग आहे.

मुलीला हे झेपेल का? मोठ्या जनावरांचे काम ताकदीचे असते ना?

महाविद्यालयांत आज मुली मोठ्या संख्येने आहेत आणि अडलेली गाय सोडवणाऱ्या कितीतरी डॉक्टर मुली मी जवळून पाहिल्या आहेत. अडलेले वासरू ओढून निघत नाही. ते आत ढकलून, डोके-पाय सरळ करून, कळेच्या लयीत काढावे लागते. बारीक हाताचा तिथे फायदाच होतो. अडचण असते ती वेगळीच: दुर्गम दवाखान्यात राहण्याची सोय नसणे, स्वच्छतागृह नसणे, रात्रीच्या फेरीला सोबत नसणे. या गोष्टी व्यवस्थेने सोडवायच्या आहेत. त्यांचे उत्तर म्हणून मुलीला "तू प्रयोगशाळेचाच विषय घे" असे सांगू नका.

या व्यवसायात आरोग्याचे धोके कोणते?

ब्रुसेलोसिस पहिला. गाभडलेल्या गाईची वार हातमोज्यांशिवाय काढणे हा त्याचा नेहमीचा रस्ता. महिनोन् महिने ताप, सांधेदुखी, थकवा, आणि निदान उशिरा. कालवडींना द्यायची ब्रुसेलाची एस-१९ लस जिवंत जंतूंची असते. देताना सुई स्वतःला टोचली तर लगेच डॉक्टरांकडे जाऊन कोणती लस टोचली ते सांगा. रेबीजची प्रतिबंधक लस पहिल्या वर्षीच घ्या, कुत्रा चावायची वाट पाहू नका. पिसाळलेली गाय-म्हैस घशात काही अडकल्यासारखी दिसते आणि कोणीतरी तोंडात हात घालते, असे प्रसंग खरोखर घडतात. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे गोचिडांमधून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तिकडे काम करणाऱ्यांनी गोचिडांपासून जपावे.

आणखी एक धोका मनाचा. मालकाकडे पैसे नाहीत म्हणून वाचणारे जनावर सोडून द्यावे लागणे, त्याची सल राहते. त्याबद्दल सहकाऱ्यांशी बोलत जा.

आम्ही पशुपालक आहोत. जनावर तज्ज्ञाकडे कधी न्यावे?

आधी गावच्या डॉक्टरांना दाखवा आणि तेच सांगतील तेव्हा न्या. मात्र काही वेळी थांबू नका: कळा सुरू होऊन दोन-तीन तास झाले आणि काहीच पुढे सरकत नाही, अंग (गर्भाशय किंवा योनिमार्ग) बाहेर आले आहे, पोट फुगून श्वास लागला आहे, हाड मोडले आहे. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. नेताना आधी दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि रिकाम्या बाटल्या सोबत घ्या. कोणते इंजेक्शन झाले हे कळले नाही तर तज्ज्ञालाही अंदाजाने चालावे लागते. बाहेर आलेले अंग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवा. हळद, राख, साखर यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

पीएच.डी. करावी का?

प्राध्यापक किंवा संशोधक व्हायचे असेल तर करा. कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाच्या 'नेट'ची तयारी त्याबरोबरच ठेवा. ज्याला आयुष्यभर रुग्ण पाहायचे आहेत त्याने ती तीन वर्षे दवाखान्यात काढलेली बरी.

माझे वय तेहेतीस आहे, सरकारी दवाखान्यात आठ वर्षे झाली. आता एम.व्ही.एस्सी. करण्यात अर्थ आहे का?

तुमच्यासारख्यांना तर पुष्कळ अर्थ आहे. तुम्ही आठ वर्षांत जे पाहिले ते वर्गातल्या तेवीस वर्षांच्या मुलाने पाहिलेले नाही. विभागाची रीतसर परवानगी आणि रजेचे नियम आधी लेखी तपासून घ्या, सेवाज्येष्ठतेवर काय परिणाम होतो ते आस्थापनेला विचारा. विषय निवडताना तुमच्या तालुक्यात वारंवार अडवणारी गोष्ट कोणती ते पाहा: उलटणाऱ्या गाई असतील तर गायनॅक, कासदाह आणि गोचीड ताप असेल तर मेडिसिन. प्रबंधाचा विषयही तिथूनच घ्या आणि नमुने आपल्या दवाखान्यातून गोळा करण्याची परवानगी मार्गदर्शकांकडून प्रवेशाच्या आठवड्यातच मागा. परत आल्यावर त्याच भागात नेमणूक मिळावी असा अर्ज रुजू होण्यापूर्वी द्या.